ओंडका पाडला? आजच टोकं बंद करा

कोकणात घरचा फणस, साग, ऐन परवाना काढून पाडतात आणि वखारीत नंबर लागेपर्यंत ओंडका अंगणात उन्हात टाकून ठेवतात. नुकसान इथेच होतं. लाकूड बाजूंपेक्षा टोकांच्या तोंडातून दहा-पंधरा पट वेगाने पाणी सोडतं. टोक आकसतं, आतलं लाकूड ओलंच राहतं, म्हणून तडा जातो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात तो दोन-चार दिवसांत दिसायला लागतो आणि रोज आत सरकतो. वीस-तीस वर्षं वाढवलेल्या झाडाच्या फळ्या अशा टोकाकडून वाया जाताना दरवर्षी बघतो आहे.

पाडल्या दिवशीच दोन्ही तोंडांना उरलेल्या ऑइल पेंटचे दोन जाड हात द्या. डांबर किंवा वितळवलेलं मेणही चालतं. फणसाचा चीक आधी फडक्याने पुसा, नाहीतर रंग धरत नाही. दुकानदार महागडा सीलर पुढे करेल, त्याची गरज नाही. तडा आधीच गेला असेल तर निरोगी लाकडापर्यंत टोक कापून टाका आणि लगेच रंग लावा. ओंडका कापताना लांबी दोन्ही बाजूंना वीतभर जास्त ठेवा.

वखारीत:
- एक इंची फळी हवी तर सव्वा इंच काढा.
- मधोमधचा गाभ्याचा बिंदू फळीत येऊ देऊ नका, तिथूनच चीर पडते.
- फळ्यांच्या टोकांना त्याच दिवशी पुन्हा रंग.

थप्पी:
- जमिनीपासून दीड फूट उंच, सपाट ओटा.
- इंचभर जाडीच्या वाळलेल्या रिपा, दर दोन फुटांवर, प्रत्येक थरात बरोबर एकाखाली एक.
- टोकाची रीप अगदी फळीच्या कडेला.
- वर दगडांचं वजन, त्यावर पत्रा. बाजू उघड्या. ताडपत्रीने गुंडाळू नका, बुरशी धरेल.

आंब्याचं आणि कुठल्याही झाडाचं बाहेरचं पांढरं लाकूड भुंगेरे पोखरतात. त्यासाठी शंभर लिटर कोमट पाण्यात ४ किलो बोरिक ॲसिड आणि ६ किलो बोरॅक्स विरघळवा, ओल्या फळ्या अर्धा तास बुडवा, मग थप्पी लावा. पावसात हे धुऊन जातं, म्हणून छप्पर हवंच. वाळवीच्या महाग बाटल्या घेण्याआधी थप्पीखालची पानं-भुसा झाडा.

फळी वाळायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, हा जुना हिशेब धरा. मृगाआधी थप्पी छपराखाली आलीच पाहिजे. भिजून पुन्हा तापलेली फळी मुरडते. मधल्या थरातली एक फळी दर पंधरा दिवसांनी तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड मुरलं. बोटाने ठोकल्यावर टणक, मोकळा आवाज आला तर मला खात्री वाटते, तरी काटा बघितल्याशिवाय सुताराला बोलावू नका. पावसाळ्यातलं स्थिर वजन मात्र धरू नका. तेव्हाचा ओलावा हवेचा असतो, दिवाळीनंतर पुन्हा तोला.