ट्रकमध्ये स्वस्तात कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी

टाकीत पैसे वाचवू नका. आतून गंजलेली जुनी टाकी बाहेरून कळत नाही, म्हणून मी नवीच घेतली. कॉम्प्रेसर साधा चालतो, फक्त गाडी २४ व्होल्टची असेल तर तोही २४चाच हवा. वायर जाड, थेट बॅटरीवरून. फ्यूज बॅटरीला अगदी लागून. प्रेशर स्विचवर (टाकीतला दाब पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा) मोटरचा सगळा करंट टाकू नका, मध्ये रिले घाला (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). माझ्या पहिल्या स्विचचे पॉइंट रिले नसल्यामुळेच जळाले. कॉम्प्रेसरमधून हवा तापलेली निघते, तिथे धातूच्या जाळीचाच होज लावा, टाकीच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा उलटी येत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत उघडणारा हवा. ड्रेन कॉक सर्वांत खाली, पाणी तिथेच साचतं. मग जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसले तर आधी हवा सोडा, मगच आवळा.