'पायपर' नीट कसा ऐकायचा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' ऑगस्ट १९६७ मध्ये आला. ऐकायला बसण्याआधी आपल्याकडची प्रत कोणती आहे ते तपासा, कारण बहुतेकांची गडबड तिथेच होते. ब्रिटिश प्रतीत ११ गाणी आहेत. पहिलं 'ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी', शेवटचं 'बाईक'. तेव्हाच्या अमेरिकन प्रतीत ही दोन्ही गाणी नाहीत आणि क्रमही वेगळा आहे, त्यामुळे ती बाजूला ठेवा.

दुसरा प्रश्न मोनो की स्टिरिओ. मोनोत सगळा आवाज एकाच चॅनलमध्ये असतो, स्टिरिओत डाव्या-उजव्या दोन चॅनलमध्ये वाटलेला. हे दोन स्वतंत्र मिक्स आहेत, म्हणजे वाद्यांचे आणि गळ्यांचे आवाज दोनदा वेगवेगळे जुळवलेले. ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलं म्हणजे मोनो मिक्स ऐकला असं होत नाही. त्यात स्टिरिओचे दोन चॅनल नुसते एकत्र होतात. खरा मोनो २००७ च्या तीन सीडींच्या संचात स्टिरिओसोबत मिळतो. आमच्या मते आधी मोनो ऐकावा. त्यात बँड एकसंध आणि जास्त दणकट वाटतो.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं, तिघांत सारखंच अंतर ठेवा. साधारण दोन मीटर पुरे. स्पीकर भिंतीला चिकटवले तर बास म्हणजे खर्जातला आवाज फुगतो आणि बास गिटार वाजवणाऱ्या रॉजर वॉटर्सच्या बोटांची हालचाल त्यात बुडते. अर्धा मीटर तरी पुढे ओढा. हेडफोन चालतील, पण दोन्ही कानांना लावूनच. फोनमधला इक्वलायझर, 'स्पेशियल' आवाज आणि गाणी एकमेकांत विरघळवणारा क्रॉसफेड बंद करा. आवाज इतकाच ठेवा की शेजारी बसलेल्याशी बोलायला सूर थोडा चढवावा लागेल. त्याहून मोठा केला तर कान लवकर थकतात आणि रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूपर्यंत बारकावे टिपेनासे होतात.

पहिल्यांदा सगळा अल्बम न थांबता ऐका. जेमतेम ४२ मिनिटांचा आहे. गाण्यांचे शब्द समोर धरू नका. वाचायला लागलं की डोळे पुढे धावतात आणि कान मागे राहतात.

दुसऱ्या बैठकीत एका वेळी एकच वाद्य पकडा. 'ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी'च्या सुरुवातीला कर्ण्यातून आल्यासारखा आवाज ग्रहताऱ्यांची नावं वाचतो; तो बँडचे तेव्हाचे मॅनेजर पीटर जेनर यांचा आहे. मग सिड बॅरेटच्या गिटारकडे वळा. तिच्यामागे उमटणारे पडसाद बिन्सन एकोरेक या यंत्राचे आहेत. त्यात टेपऐवजी फिरणारं चुंबकीय चाक असतं आणि आवाज पुन्हा उचलणारी हेड्स अनेक, म्हणून पडसादांचा एक गुंतलेला ठेकाच तयार होतो. 'माटिल्डा मदर'मध्ये मुख्य गायक कीबोर्डवादक रिक राईट आहे, बॅरेट शेवटाकडे पुढे येतो. आवाज ओळखायचा सराव इथेच करा.

'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह'ला मात्र स्वतंत्र बैठक द्या. ९ मिनिटं ४१ सेकंद, शब्द एकही नाही. उतरत्या सुरांची ती गिटारची धून गुणगुणता येईपर्यंत सुरुवात दोन-तीनदा ऐका, कारण पहिलं मिनिट संपता संपता ती मोडते आणि मधल्या मोकळ्या, सुचेल तसं वाजवलेल्या पट्ट्यात तीच तुमची खूण असते. तिथे ताल हरवला म्हणून गोंधळू नका. बँडने हा तुकडा दोनदा वाजवला आणि दोन्ही मुद्रणं एकमेकांवर चढवली, त्यामुळे निक मेसनचे ड्रम कधी दुहेरी पडल्यासारखे वाटतात. कोण कोणाला उत्तर देतंय एवढंच शोधा. साडेआठ मिनिटांनंतर धून परतते. स्टिरिओत ती डावीकडून उजवीकडे गरागरा फिरते, मोनोत फिरत नाही. उलट मोनोत सुरुवातीच्या धुनेवर ऑर्गन ठसठशीत ऐकू येतो, जो स्टिरिओत जवळजवळ दबलेला आहे. हे सुरुवात-शेवटाचे तुकडे दोन्ही मिक्समधून पाठोपाठ लावा. फरक लगेच कळेल. एकाच कानात इअरबड घातलात तर ती घिरटी तुमच्यासाठी फक्त आवाजाची चढउतार उरते.

यानंतर येणारं 'द नोम' साधं, लहान मुलांच्या गाण्यासारखं आहे. घाईने पुढे ढकलू नका. एवढ्या गदारोळानंतर ते इथे येणं हाच क्रमाचा अर्थ आहे.

'बाईक'चं गाणं दोनेक मिनिटांत आटोपतं, पण अल्बम तिथे संपत नाही. पुढे घड्याळांची चाकं, घंटा, आणि बदकांच्या कलकलाटासारखा फिरत राहणारा टेपचा तुकडा आहे. ॲपमधलं पुढचं गाणं आपोआप लागण्याची सोय आधीच बंद करून ठेवा, नाहीतर तो तुकडा विरायच्या आत दुसरंच काहीतरी सुरू होतं.