प्राण्यांवर अत्याचार दिसला? तक्रार करताना या चुका टाळा

आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मी गेली काही वर्षं प्राण्यांच्या केसेसमध्ये धावपळ करतेय. सुरुवातीला ज्या केसेस हातातून गेल्या त्या पोलिसांमुळे गेल्या असं मी सगळ्यांना सांगत सुटायचे, पण आता मागं वळून बघितलं की कळतं, त्यातल्या बऱ्याच आम्हीच घालवल्या.

पहिलीच केस घ्या ना. एका कॉलनीत सकाळी चार कुत्री मेलेली सापडली, तोंडाला फेस, बाजूला खाल्लेलं मटण, म्हणजे विष घातलंय हे शेंबड्या पोरालाही कळेल. आम्ही काय केलं, तर रडलो, फुलं वाहिली, जेसीबीवाल्याला बोलावून खड्डा काढला आणि चौघांना नीट पुरून मग दुपारी ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारानं शांतपणे विचारलं, "बॉडी कुठंय?" संपलं तिथंच. ते मटणसुद्धा कुणीतरी दुसऱ्या कुत्र्यानं खाऊ नये म्हणून गटारात टाकलेलं!

तर मेलेला प्राणी पुरू नका, जाळू नका, धुवू नका. फोटो काढा, आजूबाजूच्या खुणेसकट, मग बर्फावर ठेवा आणि आधी पोलिसांत जा, कारण पीएमसाठी (पोस्टमॉर्टेम) सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला बहुतेक वेळा पोलिसांचं पत्र लागतं. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून लॅबला पाठवा असं डॉक्टरांना तोंडी नाही, अर्जात लिहून द्या. उरलेलं अन्न, पुडी, वाटी जे काय असेल ते जागेवरच राहू द्या, कुत्री-मांजरं येऊ नयेत म्हणून एक माणूस राखणीला बसवा, आणि पंचनाम्यात ते घ्यायला लावा.

आता व्हिडिओ. लोक काय करतात, शूट करतात, वर दुःखी गाणं लावतात, तोंडं ब्लर करतात, स्टेटसला टाकतात आणि ओरिजिनल डिलीट, कारण फोनची मेमरी फुल. मग आमच्याकडं येतो तो सतरा ग्रुप फिरून आलेला धूसर तुकडा, ज्यात ना तारीख ना जागा. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या, व्हॉट्सॲपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे क्वालिटी दबत नाही. शूट करताना दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, विजेच्या खांबाचा नंबर असं काहीतरी फ्रेममध्ये येऊ द्या. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं (नव्या साक्ष अधिनियमाचं कलम 63), ते ज्याच्या फोननं शूट केलं त्याच्याकडून घ्यायची वेळ येते, त्यामुळं तो माणूस कोण हे आधीच माहीत पाहिजे. आणि आरोपीचं नाव-पत्ता टाकून पोस्ट करू नका, उलट तोच तुमच्यावर बदनामीची तक्रार ठोकतो आणि तुमचे दोन महिने त्यात जातात.

"पोलीस एफआयआरच घेत नाहीत, नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात" ही तर कायमची रड. यात अर्धी चूक आपली असते कारण आपण कलमच चुकीचं सांगतो. 1960 चा जो प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्यातलं कलम 11 म्हणजे मारहाण, उपाशी ठेवणं, आखूड साखळीला बांधणं, सोडून देणं वगैरे. यातलं बहुतेक सगळं अदखलपात्र आहे (कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही असं), म्हणजे पोलीस एनसी घेतात ते कायद्यानं बरोबरच असतं, आणि दंड पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये. हो, रुपये, हजार नाही. दंड वाढवायचा मसुदा 2022 मध्ये आला होता पण कायदा अजून तोच जुना. पण प्राणी मारला असेल, विष घातलं असेल, पाय तोडून निकामी केला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि ते दखलपात्र आहे, तिथं एफआयआर घ्यावीच लागते. काही लोक अजून 428-429 लिहून आणतात, ती जुन्या आयपीसीची कलमं, 1 जुलै 2024 नंतरच्या घटनेला चालत नाहीत. तरी नाहीच घेतली तर भांडत बसू नका, तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं एसपींना पाठवा, पोचपावती जपा, पुढं मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. एनसी असेल तरी मॅजिस्ट्रेटकडून तपासाचा आदेश मागता येतो, हे तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पोपट, कासव, मुंगूस, साप असलं काही असेल तर मात्र हा रस्ताच नाही, ते वन्यजीव कायद्यात जातं, सरळ वनखात्याच्या 1926 ला फोन करा.

आता ज्याच्यावर मला खरं बोलायचंय ते म्हणजे उसाच्या बैलगाड्या. सीझन सुरू झाला की शहरातनं येणारे लोक रस्त्यात गाडी आडवी लावतात, ऊसतोड्याला शिव्या देतात, व्हिडिओ काढतात, "बैलाला असं मारतोस, लाज वाटत नाही?" बैल दमलेला असतो, चढाला गुडघ्यावर आलेला असतो, हे सगळं खरंय, मलाही बघवत नाही. पण त्या माणसाचं बघा की. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, पैसे टनावर मिळणार, गाडी पुष्कळदा कारखान्याची आणि बैल त्याचे स्वतःचे, म्हणजे बैल मेला तर सगळ्यात आधी बुडणार तोच. तुम्ही ओरडून गेलात की तो तीच खेप पुढं नेणार, फक्त उशीर झाला म्हणून अजून दोन चाबूक जास्त.

मग करायचं काय? ओझं ओढणाऱ्या जनावरांचे 1965 चे नियम आहेत. दिवसात एकूण 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, पारा 37 च्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही, आणि बैल केवढा, चाक कसलं यावर वजनाची मर्यादा. टोचणारी पराणी पण चालत नाही. आणि गंमत म्हणजे वजनाचा पुरावा तुम्हाला शोधायचीच गरज नाही, तो कारखाना स्वतःच छापतो, वजनकाट्याची पावती! तीच मागा. तक्रार एकट्या गाडीवानावर नको, कारखान्याला आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांना लेखी द्या की एवढ्या वजनाच्या खेपा काट्यावर घेतल्याच कशा, गव्हाणीपाशी (कारखान्यात ऊस टाकतात तिथं) बैल जू मानेवर घेऊन किती तास उभे असतात, पाणी कुठंय, सावली कुठंय. एका यार्डात आम्ही फक्त पाण्याची टाकी आणि "नंबर येईपर्यंत बैल सोडायचे" एवढंच मागितलं, आणि ते मिळालं, कारण ते गाडीवानांनाही हवंच होतं, तेच आमच्या बाजूनं बोलले. इस्लामपूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी 2022 मध्ये जूखाली एक चाक बसवून मानेवरचा भार कमी करायचा जुगाड केला होता, असलं काही घेऊन गेलात तर गाडीवान तुम्हाला चहा पाजतो.

लोकांना सोबत न घेतल्याचं मोठं उदाहरण आमच्याच जिल्ह्याशेजारी घडलं. नांदणी मठाची महादेवी हत्तीण, जुलै 2025 मध्ये कोर्टाच्या आदेशानं जामनगरला, अंबानींच्या 'वनतारा' प्राणी केंद्रात गेली. तिच्या पायांचे आजार, एकटेपण, यावर कागद भक्कम होते. पण गावाला ती आपल्या घरची लेक, आणि ती का जातेय हे त्यांना मराठीत, समोर बसून, आधी नीट समजावलं असं मला तरी कुठं दिसलं नाही. पुढं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, पदयात्रा निघाल्या, अंबानींच्या रागानं लोकांनी जिओची सिमकार्डं बदलली, आणि नंतर कितीतरी महिने आम्ही साध्या कुत्र्याच्या केसला गेलो तरी "तुम्हीच ना हत्ती नेणारे?" असं ऐकून घ्यायचं. म्हणून धार्मिक किंवा गावाच्या अभिमानाचा प्राणी असेल तर पहिली मीटिंग वकिलासोबत नको, गावातल्या पशुवैद्यासोबत आणि चार म्हाताऱ्यांसोबत करा.

भटक्या कुत्र्यांबद्दल थोडक्यात: 2001 चे एबीसी नियम (कुत्र्यांच्या नसबंदीचे) काढून वाद घालू नका, ते 2023 मध्ये बदललेत, आणि 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाचे शाळा, हॉस्पिटल, स्टँड अशा जागांबद्दल वेगळे आदेश आलेत. "नसबंदी करून तिथंच सोडायचं" हे सगळीकडं सरसकट लागू नाही आता. खाऊ घालायची जागाही ठरवून घ्या, कुणाच्या दाराशी नको.

आणि एक, ज्याला मी स्वतः दोनदा फसलेय. क्रूरता कायद्याच्या कलम 36 प्रमाणं घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर पुढं होतच नाही. पोलीस "बघतो, या सोमवारी" म्हणतात, मग गणपती येतात, मग इलेक्शन बंदोबस्त येतो. तेव्हा तक्रार दिली त्याच दिवशी फोनमध्ये घटनेच्या तारखेपासून साठाव्या दिवसाचा अलार्म लावा, आणि तो वाजला की वकिलाला फोन करा, ठाण्यात नका जाऊ.