ऑक्सफर्ड : कॉलेजच्या भिंतीपलीकडचे शहर

ऑक्सफर्डला शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या मनात बहुधा एक मोठे प्रवेशद्वार आणि त्यामागे पसरलेले विद्यापीठाचे आवार असते. असे प्रवेशद्वार येथे कोठेच नाही. तीसहून अधिक कॉलेजे, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा गावभर विखुरलेल्या आहेत व त्यांच्या मधून शहराचे नेहमीचे रस्ते, दुकाने आणि बसथांबे आहेत. म्हणून, विशेषतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, कॉलेजाआधी आपला विभाग नकाशावर शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉलेजात जेवण मिळते, ओळखी होतात. रोजची ये-जा मात्र विभागाकडेच होते. विज्ञानाच्या बऱ्याच प्रयोगशाळा साउथ पार्क्स रोडच्या परिसरात आहेत, गणिताची इमारत वुडस्टॉक रोडवर आहे आणि वैद्यकीय संशोधनाचा मोठा भाग पूर्वेकडच्या हेडिंग्टनच्या टेकडीवर आहे. सायकल घेण्याचा विचार असेल तर ही टेकडी आधी पायी चढून पाहावी.

शहराचा मध्य म्हणजे कारफॅक्सचा चौक. पदवीच्या विद्यार्थ्याने सत्रकाळात येथून 6 मैलांच्या आत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याने 25 मैलांच्या आत राहावे, असा विद्यापीठाचा नियम असल्याने घर शोधताना हा चौक पुन्हापुन्हा आठवावा लागतो. याच चौकातल्या एका मद्यगृहात फेब्रुवारी 1355 मध्ये वाइनच्या दर्जावरून विद्यार्थी आणि मद्यगृहाचा मालक यांच्यात बाचाबाची झाली, तिचे रूपांतर शहरवासी आणि विद्यापीठ यांच्यातल्या रक्तरंजित दंगलीत झाले आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून शहराच्या महापौरांना 1825 पर्यंत दरवर्षी विद्यापीठापुढे मान तुकवावी लागली. हे वैर आज उरलेले नाही, पण विद्यापीठाचे ऑक्सफर्ड आणि गावाचे ऑक्सफर्ड अशी दोन शहरे एकाच जागी नांदतात, ही जाणीव वस्त्या पाहताना उपयोगी पडते.

ही जाणीव सर्वांत लवकर होते मॉडलिन पुलावर. चारवेल नदीवरचा हा पूल ओलांडला की द प्लेन नावाचे वाहतुकीचे वर्तुळ लागते आणि तेथून सेंट क्लेमेंट्स, काउली रोड व इफ्ली रोड असे तीन रस्ते फुटतात. नव्याने आलेल्या भारतीय विद्यार्थ्याची पावले काउली रोडकडे वळतात ती किराण्यासाठी. डाळी, पिठे, मसाले येथे सहज मिळतात. परंतु केवळ पिशवी भरून परत फिरू नये. याच दिशेला पुढे, काउलीत, विल्यम मॉरिस यांनी 1913 मध्ये मोटारींचे उत्पादन सुरू केले. त्यांची सुरुवात सायकली दुरुस्त करण्यापासून झाली होती. आज तेथे ‘मिनी’ या नावाच्या मोटारी तयार होतात. कारखान्याने देशाच्या इतर भागांतून आणि नंतर परदेशांतूनही कामगार आणले, आणि पूर्व ऑक्सफर्डची आजची संमिश्र वस्ती बऱ्याच अंशी त्यातून घडली. इफ्ली रोडवरचे धावपटूंचे मैदानही पाहण्यासारखे आहे. 6 मे 1954 रोजी रॉजर बॅनिस्टर येथेच एक मैल चार मिनिटांच्या आत धावले.

पश्चिमेकडे कालव्याच्या काठचे जेरिको ही मुळात छापखान्याच्या आणि लोखंडाच्या कारखान्यातल्या कामगारांची वस्ती. विटांची ती लहान घरे आता अतिशय महाग झाली आहेत, तेव्हा येथे फिरावे, भाड्याचा विचार मात्र जपून करावा. जेरिकोच्या कडेलाच सॉमरव्हिल कॉलेज आहे. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1889 मध्ये येथे आल्या, त्यांनी 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण स्त्रियांना पदवी देण्याची पद्धतच नसल्याने ती त्यांच्या हाती पडायला 1922 उजाडले.

उत्तरेला समरटाउनच्या पुढे कटस्लो लागते. प्रवासी पुस्तिकांत त्याला फारसे स्थान नसते, आणि मला मात्र संपूर्ण शहरात हीच जागा सर्वांत बोलकी वाटते. 1934 मध्ये एका खासगी गृहप्रकल्पाच्या विकासकाने शेजारच्या नगरपालिकेच्या वसाहतीतले लोक आपल्या रस्त्यांवरून जाऊ नयेत म्हणून रस्त्यांवर आडव्या भिंती घातल्या, त्यांच्या माथ्यावर टोकदार खिळे बसवले, आणि त्या 1959 पर्यंत उभ्या होत्या. दुकानांकडे जाणाऱ्या कामगार कुटुंबांना तोवर मोठा वळसा पडत असे.

घर ठरवताना काही गोष्टी येथल्या म्हणून तपासाव्यात. थेम्सच्या सखल काठावरील ऑझ्नी, बॉटली रोड आणि न्यू हिंक्सी या भागांत पुराचा धोका असतो. सरकारी पूरनकाशात पत्ता घालून पाहिल्याशिवाय करार करू नये. परस्परांशी नाते नसलेल्या तिघा-चौघांनी मिळून घेतलेल्या घराला नगर परिषदेचा परवाना लागतो, तो घरमालकाला दाखवायला सांगावे. वार्षिक भाडे 50,000 पौंडांहून कमी असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत मागता येत नाही. घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे राहत्या घरावरचा स्थानिक कर, माफ होतो, मात्र एक जण जरी नोकरदार असला तरी हिशेब बदलतो, म्हणून सोबती निवडतानाच हे विचारून घ्यावे.