आवडते दहा अल्बम निवडताना शफल बंद ठेवा

यादी करायला बसलात की आधी फोन बाजूला ठेवा. अ‍ॅपवर सर्वाधिक वाजलेलं ते सर्वाधिक आवडतंच असं नाही. स्वयंपाक करताना मागे लावून ठेवलेलंही त्यात मोजलं जातं. कागदावर आठवेल तसं लिहा. वीस-पंचवीस नावं सहज होतात.

मग गाळणी लावा. एक गाणं संपताच पुढच्याचा पहिला सूर डोक्यात आपोआप वाजतो का? वाजत असेल तर तो अल्बम खरंच तुमचा. दोनच गाणी आठवत असतील तर ती गाण्यांच्या यादीत टाका, इथे नको. ‘बेस्ट ऑफ’ संकलनंही वगळा (बालपणीची कॅसेट असली तरी. हो, मलाही जड गेलं).

उरलेले अल्बम क्रमानेच ऐका. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा या वादकांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस त्यात आहे. सुरुवात सकाळच्या अहिर भैरव रागाने, पुढे भूप, देस, शेवटी पहाडी. शफलवर, म्हणजे गाणी कशीही उलटसुलट वाजवली तर, हा दिवसच विस्कटतो. एलपीच्या, म्हणजे जुन्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटंच मावत, त्यामुळे जुन्या अल्बममध्ये मधे बाजू उलटायचा थांबा असतो. तिथे तुम्हीही चहा घ्या.

एका कलाकाराचा एकच अल्बम ठेवा, नाहीतर अर्धी यादी एकाच नावाची होते. क्रमांक मात्र देऊ नका. सातवा की आठवा, यावर रविवार वाया जातो.