मामांच्या कॉम्प्युटरवरचे पाहुणे: नको ते सॉफ्टवेअर कसं काढायचं

बेळगावकडच्या खानापूरच्या मामांचा फोन आला की समजायचं, एकतर भाताची कापणी नाहीतर कॉम्प्युटर. या खेपेला कॉम्प्युटर. चालू केला की दहा मिनिटं नुसता गरगरतोय, मग उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडलेत' म्हणून लाल चौकट, ब्राउझर उघडलं की भलतंच सर्च पेज. आणि मामा काय करायचे, चौकट दिसली की घाबरून ओके दाबायचे, प्रत्येक ओकेला घरात एक नवीन पाहुणा.

तर बसून साफ केलं, जसं केलं तसंच इथं लिहितोय. विंडोज १० आणि ११ दोन्हीवर चालतंय, मेनूची नावं जरा इकडंतिकडं.

सुरुवातीला कामाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या. मग स्टार्टच्या सर्चमध्ये 'रिस्टोअर पॉइंट' टाइप करून एक पॉइंट बनवून ठेवा, तिथं प्रोटेक्शन ऑफ असेल (बऱ्याच ठिकाणी ऑफच असतंय) तर आधी ऑन करा. काही चुकलं तर मागं यायला वाट राहते.

आता स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा. ११ मध्ये 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स', १० मध्ये 'अ‍ॅप्स अँड फीचर्स' दिसेल. यादी उघडली की ती नावानं नाही, तारखेनं लावा, 'इन्स्टॉल डेट'वर. खरी गोम इथंच आहे, कारण नावं सगळी सभ्य असतात, पण फुकटचं काहीतरी उतरवताना जे गुपचूप सोबत आलेलं असतंय ते एकाच तारखेला सापडतंय. त्रास कधीपासून सुरू झाला हे मामांना काही आठवेना, मामींना बरोबर आठवलं, "त्या पीडीएफचं काय ते उतरवलं बघ, त्या दिवसापासून!" त्या तारखेला चार नावं होती, एक पीडीएफ कन्व्हर्टर, एक ड्रायव्हर अपडेटर, एक 'पीसी स्पीड वाढवा'वालं आणि एक टूलबार. चारही गेली. मुदत संपलेला ट्रायल अँटीव्हायरस पण काढा, तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर काम हातात घेतो.

पण हात राखून! रिअलटेक, इंटेल, व्हिज्युअल सी प्लस प्लस, प्रिंटरच्या कंपनीचं नाव, यांना शिवायचं नाही. आणि आपल्या भागाची एक खास गोष्ट, यादीत नुडी (कन्नड टाइप करायचं सॉफ्टवेअर) दिसलं तर 'आपण कुठं कन्नड टाइप करतोय' म्हणून उडवू नका. जुन्या नुडी फॉन्टमधल्या फाइल्स युनिकोडच्या नसतात, फॉन्ट गेला की तालुक्याच्या ऑफिसातून आलेल्या फाइलमध्ये कन्नडऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसणार. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर पण तसंच, नाव ओळखीचं वाटत नाही पण टेंडर भरणाऱ्याचं सगळं काम त्यावर अडतंय.

अनइन्स्टॉल दाबल्यावर जी खिडकी येते ती नीट वाचा. 'खरंच जाणार? ५० टक्के सूट घ्या' असं म्हणत मोठं रंगीत बटण 'ठेवा'चं असतंय आणि 'काढा' कोपऱ्यात फिकट अक्षरात. सगळं झालं की रीस्टार्ट. फोल्डर उघडून नुसतं डिलीट मारणं म्हणजे झाडाचा शेंडा छाटणं, मुळं आत राहतात आणि पुढं अनइन्स्टॉल पण नीट होत नाही.

एखादं 'प्रोग्राम चालू आहे' म्हणून जातच नसेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमध्ये ते एंड टास्क करा, तिथंच स्टार्टअपच्या टॅबमध्ये डिसेबल करा, मग परत काढा. तरी हट्ट धरला तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि ४ दाबून सेफ मोड, म्हणजे विंडोज अगदी मोजक्याच गोष्टी घेऊन चालू होतंय. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर रिकव्हरी की मागू शकतो, ती हाताशी असल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. आणि काही प्रोग्राम सेफ मोडमध्ये अनइन्स्टॉल होतच नाहीत, तिथं नाद सोडून साधा मोड.

एवढं करून पण लाल चौकट येतच होती! मामा म्हणाले, "बघ, काय उपयोग झाला नाही." मला पण दोन मिनिटं तसंच वाटलं. पण ते सॉफ्टवेअर नव्हतंच, कुठल्या तरी साइटला 'अलाऊ' दाबलेलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथं अनोळखी साइट्सची रांगच लागलेली, सगळ्या काढल्या. एक्स्टेन्शन्समधनं पण न ओळखीचं काढा, सर्च इंजिन बघून घ्या. तरी ते भलतं सर्च पेज जात नसेल तर 'रीसेट सेटिंग्ज', बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड त्यात जात नाहीत.

शेवटी विंडोज सिक्युरिटीत, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, ऑफलाइन स्कॅन. कॉम्प्युटर आपणहून रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात, करंट जायच्या वेळेला लावू नका. विंडोज सिक्युरिटीतच 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'खाली 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन'मध्ये नको असलेली अ‍ॅप्स अडवायचं बटण आहे, ते ऑन करून ठेवा. आणि हा कचरा काढायला म्हणून नेटवरनं दुसरा फुकटचा क्लीनर उतरवू नका हो, त्या चारातला तिसरा तसाच आला होता.

मामी चहा घेऊन आल्या तेव्हा कॉम्प्युटर मिनिटभरात सुरू होत होता. मामा अजून ती चौकट कुठं गेली म्हणून कोपऱ्यात बघत होते.