फ्लेक्सची मशीन चार-सहा महिने बंद ठेवायची असेल तर काय काय करायचं

२०१६ चा उन्हाळा लातूरकरांना वेगळा सांगायची गरज नाही, एप्रिलमधे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती तो. दुष्काळात कितीतरी जणांनी लग्नं पुढं ढकलली, ज्यांनी केली त्यांनी घरच्या घरी उरकली, मग वाढदिवसाचे आणि स्वागताचे बॅनर कोण लावतंय. मी दुकानाला कुलूप घातलं, मशीनचं बटण बंद केलं, वरून जुनं फ्लेक्स टाकलं आणि गावाकडं निघून गेलो. जुलैमधे येऊन नोझल चेक मारला, म्हणजे हेडच्या बारीक भोकांतून (नोझलमधून) शाई येते का ते बघायच्या रेघा छापल्या, तर मॅजेंटाच्या (गडद गुलाबी) जागी कोरा मीडिया (छापायचा रोल), ब्लॅक अर्धा, आणि येलोच्या रेघा म्हाताऱ्याच्या दातासारख्या, एक आहे तर दोन नाहीत. दोन दिवस क्लिनिंगवर क्लिनिंग मारली (पंपानं हेडमधून शाई ओढून काढायची), शाई सगळी वेस्टच्या बाटलीत गेली, शेवटी हेडच बदलावं लागलं. इंजिनियरनं कॅप काढून माझ्या हातात दिली आणि म्हणला, "मालक, बंद राहून नाही मेलं हेड, ह्या कॅपनं मारलं."

त्या कॅपच्या रबराच्या काठावर सुकलेल्या शाईची पापडी बसली होती, नख लावलं की खपली निघावी तशी निघत होती. मशीन बंद असताना हेड त्या रबरावर टेकून बसतं, आणि रबर हेडच्या पत्र्याला चारी बाजूंनी घट्ट चिकटलं तरच आत हवा जात नाही. काठावर असली पापडी असली की कुठंतरी केसाएवढी फट राहते, तिथून शाईतलं सॉल्व्हंट उडत राहतं, मागं रंगाची पूड आणि डिंकासारखं रेझिन उरतं, ते नोझलमधे दगड होऊन बसतं. आमच्याकडं मे महिन्यात चाळीसच्या वर पारा, वर पत्र्याचं छत, मग किती दिवस लागणार. म्हणून खाली जे जे सांगतोय त्यातलं निम्मं काम ह्या कॅपभोवतीच फिरतं, ते समजून घेतलं तर बाकीचं आपोआप सुचतं.

आधी एक ठरवा, मशीन खरंच रिकामी करायचीच का? पंधरा-वीस दिवसाचा प्रश्न असेल तर शाई काढायच्या भानगडीत पडू नका. जागेवर लाईट आहे आणि आठवड्यातून एकदा कोणी येऊन नोझल चेक आणि चारी कलरच्या चार पट्ट्या मारू शकतंय, तर शाई आत असलेली बरी, दोन-तीन महिने पण अशी मशीन निघते. महिन्याच्या वर कोणीच फिरकणार नसेल, किंवा जागा सोडून मशीन हलवायची असेल, तरच फ्लश करून, म्हणजे शाई काढून आतून धुवून ठेवायची. माझं दोन वर्षांमागं तेच झालं, गाळेमालकानं बिल्डिंग पाडायला काढली आणि मशीन जूनपासून औसा तालुक्यात आमच्या गावच्या घरी नेऊन ठेवावी लागली. गणपती गेले, १७ सप्टेंबरचं मुक्तिसंग्राम दिनाचं काम गेलं, त्याचं दुःख वेगळं.

शाई काढायच्या आधी

मशीन चांगली चालू असताना एक नोझल चेक मारून घ्या, त्यावर तारीख लिहा आणि गुंडाळून डोंगलसोबत (प्रिंटिंग सॉफ्टवेअरची यूएसबी चावी) ठेवा. परत चालू करताना कुठली रेघ आधीपासून नव्हती आणि कुठली आता गेली हे त्याच्याशिवाय कळत नाही, उगाच जुन्या गेलेल्या नोझलसाठी क्लिनिंग मारत बसतो आपण. मेनूतल्या फीड, स्टेप आणि हेड अलाइनमेंटच्या आकड्यांचे मोबाईलवर फोटो काढा, रिपच्या (प्रिंट पाठवायच्या सॉफ्टवेअरच्या) प्रोफाइलची कॉपी पेनड्राईव्हवर घ्या. डोंगल घरी, कपाटात.

उरलेली शाई शक्यतो काम करून संपवा. ज्या बाटल्या फोडल्याच नाहीत त्या सावलीत, थंड जागी, तारीख बघून ठेवा, आणि चुलीपासून, गॅसपासून लांब, कारण सॉल्व्हंट पेट घेतं.

फ्लश

आता मुख्य काम. कार्ट्रिज किंवा टाकीतल्या नळ्या काढा, क्लिनिंग घेत घेत नळ्यांमधली शाई बाहेर ओढा, मग शाईच्या जागी क्लिनिंग सोल्युशन लावा आणि पुन्हा ओढा. बऱ्याच मशीनच्या मेनूतच ह्यासाठी पर्याय असतो, मिमाकीत कस्टडी वॉश म्हणून आहे, दुसऱ्या कंपन्यांत नाव वेगळं असेल, पुस्तिकेत बघा. सोल्युशन तुमच्या शाईचंच घ्या. इकोसॉल्व्हंटला इकोसॉल्व्हंटचं, पाण्याच्या शाईला पाण्याच्या शाईचं, यूव्हीला यूव्हीचं. रंगाच्या दुकानातला थिनर किंवा अ‍ॅसिटोन स्वस्त पडतं म्हणून घालणारे मी बघितलेत, त्यानं डँपरचं (हेडवरच्या शाईच्या छोट्या डबीचं) रबर फुगतं आणि हेडमधला गोंद सुटतो. आणि पाण्याच्या शाईच्या मशीनला बोअरचं पाणी तर अजिबात नाही, आमच्या बोअरच्या पाण्यानं घागरीला पांढरा थर बसतो तोच नोझलमधे बसणार.

वेस्टच्या नळीकडं बघत रहा. आधी काळसर, मग जांभळं, मग सरबतासारखं गुलाबी येतं आणि इथंच लोक कंटाळून थांबतात. थांबू नका, पांढऱ्या वाटीत धरून बघितलं तर पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. माझ्या चार कलरच्या मशीनला दोन लिटरच्या आसपास सोल्युशन लागलं आणि मॅजेंटानं सगळ्यात जास्त छळलं. ते निघालेलं वेस्ट नालीत किंवा विहिरीकडच्या उकिरड्यावर ओतू नका, झाकणाच्या कॅनमधे भरून त्यावर नाव लिहून ठेवा.

पुढं दोन मतं आहेत, काही जण म्हणतात हेड कोरडं ठेवा, काही म्हणतात भरून ठेवा. मी भरून ठेवतो, कारण कितीही फ्लश केलं तरी आत थोडी शाई राहतेच, आणि कोरडं केलं तर ती थोडीच चिकटून बसते. फक्त बाटलीवर नीट वाचा, काही सोल्युशन फ्लशपुरतं असतं, महिनोनमहिने हेडमधे ठेवायचं नसतं, मग त्याच कंपनीचं स्टोरेजचं लिक्विड मागून घ्या. व्हाईट शाई असेल तर तिचा थेंबही नळीत राहू देऊ नका, त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, तळाला जाऊन गाळ होतं.

कॅप, वायपर आणि हेडची बाजू

कॅरेज (हेड बसवलेला सरकता भाग) सरकवून कॅप मोकळी करा. फोमच्या स्वॅबला सोल्युशन लावून रबराचा काठ चारी बाजूंनी पुसा, आतला स्पंज ओला करून पंपानं ओढून घ्या, असं तीन-चार वेळा. कानातल्या कापसाच्या काड्या वापरू नका, त्याचा एक तंतू काठावर राहिला की पुन्हा तीच फट. बोट फिरवून बघा, काठ गुळगुळीत आणि मऊ लागला पाहिजे, कडक झाला असेल किंवा चिरला असेल तर आत्ताच कॅप बदला, हेडच्या मानानं कॅप फुकटात पडते. वायपर (हेड पुसणारी रबरी पट्टी) दोन्ही बाजूंनी पुसा. हेडच्या कडेला मिशीसारखी शाई साचलेली असते तीही काढा, पण खालच्या नोझलच्या पत्र्याला घासायचं नाही.

शेवटी सिरिंजनं कॅपमधे सोल्युशन काठोकाठ भरा, कॅरेज हळू आणून त्यावर बसवा आणि मशीन तिच्या बटणानं बंद करा. मेन स्विच खटकन पाडला तर कॅरेज मधेच उभी राहते आणि मग वरचं सगळं केलेलं पाण्यात. लाईट तशीही न सांगता जाते, तेव्हा हे काम यूपीएस असेल तरच निवांत. कॉनिकाचे हेड असलेल्या जुन्या सॉल्व्हंट मशीन ज्यांच्याकडं आहेत, ज्यात कॅपचा भरवसा नसतो, त्यांनी हेड सिरिंजनं धुवून भरून घ्यायचे आणि खालून धागे न सुटणारं कापड सोल्युशनमधे भिजवून लावून वरून स्वयंपाकघरातला क्लिंग रॅप गुंडाळायचा.

एचपीच्या डिझाइनजेटसारखा नकाशे काढायचा पाण्याच्या शाईचा प्लॉटर असेल तर हे फ्लशपुराण लागू नाही. हेड आणि कार्ट्रिज जागेवरच राहू द्या, बटणानं बंद करा, अधूनमधून चालू करून एक प्रिंट काढा.

रोल काढून टाका, पिंच रोलरचा दांडा वर करा नाहीतर रबरावर खड्डा पडतो. बंद केल्यावर मेनची, यूएसबीची, लॅनची सगळ्या पिना काढा, वळवाच्या पावसात वीज कडाडली की आमच्याकडं टीव्ही जातात, मशीनचा बोर्ड काय टिकणार. टेम्पोतून न्यायची असेल तर कॅरेज लॉक करा, वेस्टची बाटली रिकामी करा आणि मशीन आडवी-तिरकी करू नका.

जागा

पत्र्याखाली नको, स्लॅबची खोली बघा, भिंतीला ओल नसलेली. आणि गावाकडं ठेवताना एक चूक बरेच जण करतात, मी पण करणार होतो, ती म्हणजे धान्याच्या खोलीत मशीन ठेवणं. तूर-ज्वारीला कीड लागू नये म्हणून गोळ्या ठेवतात, त्यातून फॉस्फिन गॅस निघतो. तो माणसाच्या जिवावर उठणारा तर आहेच, पण तांबंही खातो, म्हणजे बोर्डावरचे ट्रॅक आणि कनेक्टर काळे पडतात. वर धान्य म्हणलं की उंदीर, आणि उंदराला हेडची रिबन केबल लई आवडते. युरियाच्या पोत्यांशेजारी पण नको.

झाकताना आधी जुनी सुती चादर, मग वरून फ्लेक्स, आणि खालून मोकळं. नुसतं फ्लेक्स घट्ट गुंडाळलं तर पावसाळ्यात आत घाम धरतो आणि रेलवर गंज चढतो. केबल जिथून आत जातात त्या भोकांना जाळी लावा.

महिन्यातून एकदा जाऊन कॅपमधे सोल्युशन परत भरायचंच, कारण ते हळूहळू पंपाच्या नळीतून उतरतं. मी मोबाईलमधे महिन्यातल्या एका एकादशीचा रिमाइंडर लावला होता, आई गावाकडं असते, तिला उपासाचं सामान पण नेऊन द्यायचं व्हायचं. ज्यांनी शाई आत ठेवलीय त्यांनी वर सांगितलेला आठवड्याचा नेम चुकवायचा नाही, रोलँड कंपनीवाले पण निदान महिन्यातून एकदा तरी चालू करा म्हणतात.

परत चालू करताना

दमट हवेतून आणली असेल तर एक दिवस नव्या जागी तशीच उभी राहू द्या, मग पिन लावा. डँपर नवे टाका, वेस्टची बाटली बघा, शाई भरा, दोन क्लिनिंग आणि नोझल चेक. रेघा कमी आल्या तर घाबरून दहा क्लिनिंग मारायच्या नाहीत, हेड रात्रभर कॅपवर राहू द्यायचं. आमची मशीन नव्या गाळ्यात खंडेनवमीला आली, पूजा करून हळदी-कुंकू लावून पहिला नोझल चेक मारला तर मॅजेंटाच्या दोनच रेघा गायब होत्या, जुना कागद उलगडून बघितला तर त्यातली एक जूनमधे पण नव्हती. दुसरी दसऱ्याच्या सकाळी आली.